‘सगळ्या फायली कॉपी झाल्या’ असं सांगून तेवीस रेकॉर्डिंग पुसणाऱ्या सॉफ्टवेअरबद्दल तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

विषय: लिनक्सची डिस्क विंडोजवर वाचताना एका फाइलवर दुसरी फाइल लिहिली जाण्याबाबत

स. न. वि. वि.

लिनक्सच्या डिस्क विंडोजवर वाचून देणारं आपलं सॉफ्टवेअर मी गेल्या महिन्यात विकत घेतलं. त्यात माझी तेवीस रेकॉर्डिंग गेली.

मी सातारा जिल्ह्यातल्या गावांतून जात्यावरच्या ओव्या रेकॉर्ड करते. माझा जुना संगणक लिनक्सचा, डिस्क ईएक्सटी४ पद्धतीची (ही लिनक्सची डिस्कवर फायली ठेवण्याची पद्धत). नावं देण्याची माझी एक रीत आहे. ओवीतला एखादा शब्द नीट कळला नाही, की नावापुढे प्रश्नचिन्ह. त्याच बाईंकडे पुन्हा जाऊन, शब्द विचारून घेऊन, दुसऱ्यांदा रेकॉर्ड केलं की चांदणी. म्हणजे ‘माहेर?’ आणि ‘माहेर*’ या वेगळ्या दिवशीच्या दोन वेगळ्या फायली. लिनक्सला त्यात काहीच वावगं नाही. तिथे नावात फक्त स्लॅश (/) आणि नल कॅरेक्टर (शून्य किमतीचं, न दिसणारं चिन्ह) चालत नाही.

विंडोजला नऊ चिन्हं चालत नाहीत. प्रश्नचिन्ह, चांदणी, कोलन त्यांतलीच. आपलं सॉफ्टवेअर अशा प्रत्येक चिन्हाच्या जागी अंडरस्कोर घालतं. इथवर माझी तक्रार नाही. पण ‘माहेर?’चं ‘माहेर_’ झालं आणि ‘माहेर*’चंही ‘माहेर_’च झालं. मग कॉपी होताना नंतर आलेली फाइल आधी आलेल्या फाइलवर लिहिली गेली, रेकॉर्डिंग कुठलंही आधीचं असो. मला विचारलं नाही, सांगितलं नाही. शेवटी पडद्यावर आलं: एकूण फायली ४१२, कॉपी झालेल्या ४१२. त्या आकड्यावर विश्वास ठेवून मी डिस्क फॉरमॅट केली.

आठवड्याभराने ‘माहेर_’ लावली. दुसऱ्या खेपेला मावशींनी जातं थांबवून एकेक शब्द फोडून सांगितला होता, तो ऐकायचा होता. लागलं ते पहिलं रेकॉर्डिंग: जात्याची घरघर, बांगड्या, आणि नेमका तोच शब्द घरघरीत बुडालेला. फोल्डरमधल्या फायली मोजल्या, तर ३८९. त्या मावशी गेल्या आषाढात वारल्या. आता तो शब्द कुणाला विचारू?

आपल्या प्रतिनिधींना फोन केला. त्यांचं उत्तर: ‘ताई, नावात अशी चिन्हं वापरायचीच नसतात.’ हे मला मान्य नाही. ज्या डिस्कवर ही नावं दिली तिथे ती पूर्णपणे वैध आहेत, आणि तीच डिस्क वाचून देण्याचे आपण पैसे घेतले आहेत. दोन पद्धतींचे नियम वेगळे आहेत म्हणूनच तर आपलं सॉफ्टवेअर लागतं.

मग भाच्याच्या लिनक्स लॅपटॉपवर एक पेन ड्राइव्ह ईएक्सटी४ करून घेतला आणि त्यात ‘चाचणी?’, ‘चाचणी*’, ‘चाचणी:’ अशा तीन फायली ठेवल्या. आपल्या सॉफ्टवेअरने कॉपी केल्यावर विंडोजवर एकच फाइल उरली. संदेश मात्र ‘३ पैकी ३’. त्याच पेन ड्राइव्हवरचा ‘कोरेगाव ता.’ हा फोल्डर आपल्या खिडकीत दिसतो, पण उघडत नाही, कारण नावाच्या शेवटचं टिंब विंडोज गाळून टाकतं. मराठीत संक्षेपाला आम्ही टिंब देतोच; असे फोल्डर माझ्या एकटीकडेच असतील असं नाही.

यावर उपाय आहेत आणि ते जुने आहेत. विंडोजवर लिनक्ससारखं वातावरण देणारं सिग्विन हे सॉफ्टवेअर अशा चिन्हांऐवजी युनिकोडच्या (सगळ्या लिप्यांच्या चिन्हांना क्रमांक देणाऱ्या पद्धतीच्या) खासगी वापरासाठी मोकळ्या ठेवलेल्या पट्ट्यातली चिन्हं वापरतं, प्रत्येकासाठी वेगळं. त्यामुळे दोन नावं एक होत नाहीत आणि मूळ नाव परत मिळवता येतं. तेवढं जमत नसेल, तर लिहिण्याआधी त्या नावाची फाइल तिथे आहे का एवढं तरी बघा, असली तर नावाला आकडा जोडा, आणि कुठल्या नावाचं काय केलं याची यादी ग्राहकाच्या हातात द्या. कॉपी झालेल्या फायलींचा आकडा प्रत्यक्ष पोहोचलेल्या फायली मोजूनच दाखवा.

माझी पूर्ण रक्कम परत करावी आणि ही चूक दुरुस्त करावी. त्याआधी, आजच्या आज, सगळ्या ग्राहकांना कळवावं की कॉपी झाल्यावर मूळ डिस्क पुसू नका. कुणीतरी आत्ता, या क्षणी, तो संदेश वाचून डिस्क फॉरमॅट करत असेल.

पंधरा दिवसांत उत्तर आलं नाही, तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर आणि ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार जिल्हा आयोगाकडे तक्रार करीन. चाचणीचे स्क्रीनशॉट आणि खरेदीची पावती सोबत जोडली आहे. उत्तर लेखी द्यावं, फोनवर नको.

आपली,
एक ग्राहक, सातारा