हुर्यो उडवणाऱ्यांचीही लाट असते, तिच्याबद्दल पण लिहा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आयपीएलच्या दिवसांत आपल्या क्रीडा पानावर एक चौकट येते, काल सोशल मीडियावर कोण ट्रोल झालं, कोणावर काय मीम आलं, वगैरे. हे पत्र त्या चौकटीबद्दल आहे. जरा लांबलंय, जागेअभावी कापायचं असेल तर बाकीचं कापा पण वानखेडेचा भाग ठेवा अशी विनंती.

आधी एक स्पष्ट करतो. जिंकणाऱ्या टीमच्या मागे धावणाऱ्या नव्या फॅन्सवर माझा अजिबात राग नाही. जुने लोक उगाच त्यांना नावं ठेवतात, "तू कधीपासून मुंबई इंडियन्सवाला झालास, २०१३ नंतरच ना?" असं विचारून पोरांना गप्प करतात. अरे पण मग काय झालं? २००८ ला मुंबईने पहिल्या चारही मॅच हरल्या, सचिन दुखापतीमुळे बाहेर होता, तेव्हापासून जे टीमबरोबर राहिले त्यांचं कौतुक आहेच, पण २०१३ ला ईडन गार्डन्सवर चेन्नईला हरवून पहिला कप आला आणि त्या रात्री एखादा आठ वर्षांचा मुलगा फॅन झाला तर त्यात त्याचा काय गुन्हा? कबड्डीत पण तेच. पुणेरी पलटण प्रो कबड्डीच्या पहिल्या सीझनपासून, २०१४ पासून खेळतेय, आणि पहिलं विजेतेपद आलं १ मार्च २०२४ ला, हरियाणाला २८-२५ असं हरवून, अस्लम इनामदार कॅप्टन. त्यानंतर ज्यांनी पलटणचे टीशर्ट घेतले त्यांना मी तरी भुरटे म्हणणार नाही. माणूस खेळाकडे कुठूनतरी येतोच ना, बहुतेक जण जिंकणाऱ्या टीमच्या दारातूनच येतात. त्यातले निम्मे निघून जातात, उरलेले टिकतात, आणि जे टिकतात तेच उद्याचे जुने फॅन.

माझा राग दुसऱ्या लाटेवर आहे. सगळे एकाला शिव्या घालतायत म्हणून आपण पण घालायच्या, ही जी हवा असते तिच्यावर. नवा फॅन कोणाचं नुकसान करत नाही, फार तर तिकीट महाग होतं. पण या दुसऱ्या लाटेच्या समोर एक जिवंत माणूस उभा असतो, मैदानात, एकटा, आणि त्याला सगळं ऐकू येत असतं.

हार्दिक पंड्याचंच घ्या. २०१५ ला दहा लाखांत घेतलेला पोरगा, मुंबईकडून चार कप जिंकला, मग गुजरातला गेला, २०२२ ला पहिल्याच वर्षी त्यांना चॅम्पियन केलं, २०२३ ला फायनलपर्यंत नेलं, आणि परत मुंबईत आला. १५ डिसेंबर २०२३ ला रोहितच्या जागी त्याला कॅप्टन केल्याचं जाहीर झालं आणि जे सुरू झालं ते आपण सगळ्यांनी बघितलं, लोकांनी टीमचे टीशर्ट जाळले, त्याचे व्हिडिओ टाकले. रोहितसाठी वाईट वाटणं मी समजू शकतो, मलाही वाटलं, पाच कप जिंकून दिलेल्या माणसाला असं बाजूला करायला नको होतं. पण तो निर्णय टीमच्या मालकांचा आणि मॅनेजमेंटचा होता.

मग २४ मार्च २०२४, अहमदाबाद, पहिली मॅच. तिथे हुर्यो उडवली. ठीक आहे, आपल्याला सोडून गेला म्हणून गुजरातवाले चिडले असं म्हणू. तीन दिवसांनी हैदराबाद. तिथे पण हुर्यो! आता मला सांगा, हैदराबादच्या लोकांचं हार्दिकने काय घोडं मारलं होतं? ना तो त्यांना सोडून गेला होता, ना त्याने त्यांच्या कोणाची कॅप्टनशिप घेतली होती. वर त्यांच्या टीमने त्या दिवशी २७७ रन केल्या, तेव्हाचा आयपीएलचा सगळ्यात मोठा स्कोअर, म्हणजे आनंद साजरा करायला घरचंच एवढं मोठं कारण होतं आणि तरी मध्येमध्ये लोक समोरच्या कॅप्टनवर ओरडत होते. मी ज्याला लाट म्हणतोय ती हीच. रागाला कारण असेल तर तो राग, भले चुकीचा असेल. इथे कारणच नव्हतं, फक्त फोनवर आठवडाभर तेच तेच रील येत होतं.

१ एप्रिलला वानखेडे. मी होतो तिथे. टॉसच्या वेळी समालोचक संजय मांजरेकरला माइकवरून लोकांना नीट वागा म्हणून सांगावं लागलं. घरच्या ग्राउंडवर, घरच्या टीमच्या कॅप्टनसाठी. मुंबईची अवस्था ४ बाद २० झाली होती, रोहित, नमन धीर आणि ब्रेव्हिस तिघेही पहिल्याच बॉलवर गेले, राजस्थानचा बोल्ट नुसता आग ओकत होता, अशा वेळी आपल्या टीमच्या मागे उभं राहायचं सोडून लोक वाट बघत होते हार्दिक बॅटिंगला कधी येतो आणि आपण कधी ओरडतो याची. माझ्या पुढच्या रांगेत कॉलेजची पोरं होती, ब्रेकमध्ये मी त्यांना सहज विचारलं की बाबांनो एवढा राग कशाचा, तर त्यातल्या दोघांना हार्दिक आधी मुंबईकडूनच खेळायचा हे पण माहीत नव्हतं. चांगली पोरं होती हो, मला काका काका म्हणून पाण्याची बाटली दिली त्यांनी. पण ओरडत मात्र घसा बसेपर्यंत होती. शेवटी रोहितनेच फिल्डिंग करताना बाउंड्रीजवळ हाताने खूण करून लोकांना थांबा म्हणून सांगितलं, म्हणजे ज्याच्या नावाने हे सगळं चाललं होतं त्यालाच ते नको होतं!

आता कोणी म्हणेल मग काय टीका पण करायची नाही का. करा ना, खुशाल करा. पहिल्या मॅचला बुमरा असताना हार्दिकने स्वतः बॉलिंग ओपन केली, का? स्वतः सातव्या नंबरला आला, का? हैदराबादला मार पडत असताना पहिल्या दहा ओव्हरमध्ये बुमराची एकच ओव्हर, का? हे प्रश्न विचारणारा माणूस मॅच बघतो, त्याला टीमची काळजी आहे. त्याच्याशी मी रात्रभर वाद घालायला तयार आहे. पण ओरडणाऱ्यांपैकी कितीजण हे बोलत होते? मुंबई त्या वर्षी १४ पैकी ४ मॅच जिंकून तळाला गेली, दहावी. सगळा दोष हुर्योचा असं मी म्हणत नाही, टीम वाईटच खेळली. पण घरचं मैदान घरचं राहिलं नाही हे खरं.

आणि मग २९ जून. बार्बाडोस. टी-ट्वेंटी वर्ल्ड कपची फायनल, शेवटच्या ओव्हरला साउथ आफ्रिकेला १६ रन हव्यात, त्यांचा मिलर समोर, बॉल हार्दिकच्या हातात. पहिल्या बॉलवर सूर्याचा तो बाउंड्रीवरचा कॅच, सात रननी जिंकलो, आणि हार्दिक तिथेच रडला. ४ जुलैला मरीन ड्राइव्हवरून मिरवणूक, मग वानखेडे, आणि त्याच वानखेडेवर "हार्दिक, हार्दिक". तीन महिने! आनंद झाला मला, खोटं कशाला बोलू, पण त्या गर्दीत एप्रिलवाले किती होते हा विचार डोक्यातून जाईना. वारा येईल तशी पाठ फिरवणं याशिवाय दुसरं काय म्हणणार याला.

हे काही रीलवाल्या पिढीनेच सुरू केलं असंही नाही, उगीच पोरांवर ढकलू नये. २००३ च्या वर्ल्ड कपमध्ये सेंच्युरियनला ऑस्ट्रेलियाकडून हरलो तेव्हा अलाहाबादला मोहम्मद कैफच्या घराला काळं फासलं होतं. मार्च २००६ ला इंग्लंडविरुद्धच्या टेस्टमध्ये, याच वानखेडेवर, २१ बॉलमध्ये एक रन काढून आऊट झालेल्या सचिनची हुर्यो उडवली होती, सचिनची! मुंबईत! मार्च २००७ ला बांगलादेशकडून हरल्यावर रांचीत धोनीच्या बांधत असलेल्या घराची तोडफोड झाली, आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये तोच धोनी टी-ट्वेंटीचा वर्ल्ड कप घेऊन आला तर मुंबईत ओपन बसपुढे रस्ते भरून माणसं. तेव्हा फोनवर रील नव्हतं. आता फरक एवढाच की घरावर जायची गरज नाही, घरबसल्या होतं, आणि खेळाडूच्या बायको-मुलांपर्यंत पोचतं. शमीच्या धर्मावर लोक उतरले २०२१ ला दुबईत पाकिस्तानकडून हरलो तेव्हा. दोन वर्षांनी वर्ल्ड कपच्या सेमीफायनलला, पुन्हा आमचं वानखेडेच, ५७ रन देऊन ७ विकेट, तेव्हा शमीच्या नावाने स्टेडियम दणाणलं. अर्शदीपने २०२२ च्या आशिया कपमध्ये एक कॅच सोडला त्याचं काय काय केलं लोकांनी, आणि २०२४ च्या वर्ल्ड कपमध्ये आपल्याकडून सगळ्यात जास्त विकेट त्याच्याच, १७.

मुलींच्या टीमचं तर अगदी ताजं आहे. २०२५ चा वर्ल्ड कप, ओळीने तीन मॅच हरल्या, साउथ आफ्रिका, ऑस्ट्रेलिया, इंग्लंड, तेव्हा हरमनप्रीतला काढा, या मुलींना एवढे पैसे कशाला देता इथपर्यंत लोक गेले होते. जेमिमा रॉड्रिग्जला तर इंग्लंडच्या मॅचला बाहेर बसवलं होतं. ३० ऑक्टोबरला नवी मुंबईत ऑस्ट्रेलियाविरुद्ध ३३९ चं टार्गेट चेस केलं, आपल्या वांद्र्याच्या जेमिमाच्या नाबाद १२७, आणि मॅचनंतर ती सांगते की या दौऱ्यात मी जवळजवळ रोज रडलेय. २ नोव्हेंबरला कप जिंकल्यावर मात्र माझ्या ओळखीतल्या प्रत्येकाच्या स्टेटसला तीच टीम. लोक आले ते छानच झालं, मी तर म्हणतो अजून येऊ देत. फक्त ऑक्टोबरमध्ये जे लिहिलं होतं ते पण तुमच्याच हातचं होतं.

ज्या रोहितसाठी २०२४ ला एवढं रान उठवलं त्यालाच २०१३ आधी काय म्हणायचे ते आठवतंय का कोणाला? टॅलेंट टॅलेंट म्हणून चेष्टा चालायची, २०११ च्या वर्ल्ड कपच्या टीममध्ये पण नव्हता. आणि त्याला मुंबईची कॅप्टनशिप मिळाली ती पण सीझनच्या मध्यात, रिकी पाँटिंगच्या जागी. दोन वेळा वर्ल्ड कप जिंकलेला कॅप्टन पाँटिंग, रन होत नव्हत्या म्हणून स्वतः बाहेर बसला आणि नव्या पोराला पुढे केलं. तेव्हा कोणी रोहितची हुर्यो उडवली नाही. उडवली असती तर कदाचित ते पाच कप दिसले पण नसते.

आणखी एक गोष्ट मला फार लागते. त्याच मार्च २०२४ मध्ये, १ एप्रिलच्या हुर्योच्या तीन आठवडे आधी, त्याच वानखेडेवर रणजीची फायनल होती. मुंबई विरुद्ध विदर्भ, महाराष्ट्रातल्याच दोन टीम, असा योग किती वेळा येतो? मुशीर खानची सेंच्युरी, चौथ्या डावात विदर्भाचा कॅप्टन अक्षय वाडकर काय जिद्दीने लढला, सेंच्युरी मारली, पाचव्या दिवसापर्यंत मॅच नेली. आणि शेवटची विकेट धवल कुलकर्णीची, त्याची शेवटची मॅच, इतकी वर्षं मुंबईसाठी घाम गाळलेला माणूस, बेचाळिसावं रणजी विजेतेपद. म्हणावी तशी गर्दी नव्हती. मुंबईचा अभिमान म्हणून १ एप्रिलला जे घसा फोडत होते त्यातले कितीजण धवलला टाळ्या वाजवायला आले होते?

म्हणून संपादक साहेब, विनंती अशी. ती ट्रोलची चौकट बंद करा. कोण ट्रोल झालं ही बातमी नाही, ती छापली की उरलेल्यांना कळतं की आज कोणावर ओरडायचं आहे. वेबसाइटवर त्याला क्लिक मिळत असतील, मिळू देत, पण तुमचा पेपर आमच्या घरी पोरं पण वाचतात आणि क्रीडा पानच आधी वाचतात. त्या जागेत टीका छापा, कडक छापा, कॅप्टनने बॉलिंग का चुकवली, सिलेक्शन का चुकलं, मॅनेजमेंटने निर्णय नीट का समजावला नाही, मालकांना प्रश्न विचारा. आणि ऑक्टोबरपासून रणजी सुरू झाली की मुंबई, महाराष्ट्र, विदर्भ तिघांच्याही मॅच कधी, कुठल्या मैदानावर, किती वाजता हे आदल्या दिवशी द्या, नीट, ठळक. स्कोअर तर तुम्ही दोन ओळीत देताच, पण मॅच होऊन गेल्यावर कळून काय उपयोग, जायचं असेल त्याने जायचं कसं?

कळावे,
आपला जुना वाचक,
बोरिवली, मुंबई