सूकीच्या आजीविषयी

दांडिया बाजार, बडोदे

चि. मनूस अनेक उत्तम आशीर्वाद.

दिवाळीत तू झोपाळ्यावर ठेवून गेलेले शार्लेन हॅरिस यांचे 'डेड अन्टिल डार्क' हे पुस्तक मी वाचून संपवले. आवडले का, असे तू फोनवर दोनदा विचारलेस आणि दोन्ही वेळा मी विषय बदलला, कारण या प्रश्नाला एका शब्दात उत्तर देणे मला जमत नव्हते. म्हणून सविस्तर लिहिते.

कादंबरीची नायिका सूकी हिला लोकांच्या मनातले ऐकू येते आणि ती बारमध्ये वेट्रेसचे काम करते, म्हणजे रोज रात्री ताटल्या उचलता उचलता गिऱ्हाइकांच्या मनातला सगळा केर तिच्या कानांवर पडतो. बिल या व्हॅम्पायरजवळ बसल्यावर मात्र तिला काहीच ऐकू येत नाही आणि त्या शांततेवरच ती भाळते. लग्न होऊन मी या चौदा माणसांच्या घरात आले, तेव्हा दुपारी सगळे निजले की मागच्या हौदापाशी जाऊन बसत असे. तिथे मला जे मिळे, ते शार्लेन हॅरिस यांनी नेमके पकडले आहे. कुणी कुणावर प्रेम का करावे, याचे इतके पटणारे कारण मी फार थोड्या कादंबऱ्यांत वाचले आहे.

जपानी कृत्रिम रक्तामुळे व्हॅम्पायर उघडपणे समाजात वावरू लागले, ही कल्पनाही मला आवडली. आपला मुंजा पिंपळावर राहतो, वेताळ स्मशानात. हा बिल मात्र लुइझियानातल्या एका लहान गावी वडिलोपार्जित घरात राहायला येतो. सूकीची आजी त्याच्यासाठी घर झाडूनपुसून लख्ख करते, कारण त्याने अमेरिकेतले यादवी युद्ध स्वतः पाहिलेले आहे आणि आपल्या मंडळात येऊन त्याने त्याविषयी बोलावे, अशी तिची इच्छा आहे. तुझ्या आजीनेही अशा पाहुण्याला आधी पाटावर बसवले असते आणि सयाजीराव महाराजांना पाहिले होते का, हे विचारल्याशिवाय उठू दिले नसते. तो सगळा भाग मी दोनदा वाचला.

व्हॅम्पायरला आमंत्रणाशिवाय उंबरठा ओलांडता येत नाही. आजीला स्वयंपाकघरात मारणारा मात्र हाडामांसाचा माणूस असतो, ओळखीतला, आणि त्याला कुणाच्या आमंत्रणाची गरज पडत नाही. हे वाचून मी पुस्तक मिटून ठेवले आणि उठून मागच्या दाराची कडी पाहून आले. रहस्यकथा म्हणून कादंबरी पक्की आहे. रहस्यकथांसाठीचे अँथनी पारितोषिक तिला मिळाले ते योग्यच, कारण खुनी कोण हे मला शेवटपर्यंत ओळखता आले नाही.

पण आजीच्या आधी ज्या दोन मुली मारल्या जातात, त्यांच्यापाशी माझे मन अडले. व्हॅम्पायरांशी संबंध ठेवले हाच त्यांचा अपराध. गावाला त्यांच्याविषयी हळहळ नाही, हे लेखिकेने खरे लिहिले आहे. मात्र कथाही त्यांच्याजवळ थांबत नाही, पुढच्या सुगाव्याकडे निघून जाते. मोडेट आणि डॉन, ही नावे मी मुद्दाम लिहून ठेवली.

आणि बिल. लहानपणी एका नातेवाइकाने केलेले अत्याचार सूकी त्याला विश्वासाने सांगते आणि पुढे बिलमुळे तो म्हातारा मारला जातो. मला त्या म्हाताऱ्याची मुळीच कणव नाही. परंतु सूकीने हे मागितले नव्हते, तिला कुणी विचारलेही नव्हते. जिच्या आयुष्यातले ते दुःख होते, तिच्या हातून तिचा निर्णयच काढून घेतला गेला. ती हादरते हे खरे, तरी कथा बिलला लवकर माफ करते. ज्याच्या मनातले काहीच ऐकू येत नाही, त्याच्याजवळ बसणे सुखाचे असेल, पण मी तिची आई असते तर माझा डोळा लागला नसता. तू अठरा वर्षांची असताना हे पुस्तक वाचलेस. तेव्हा तुला बिल कसा वाटला होता, ते मला कळव.

तेरा भागांपैकी दुसरा भाग गणपतीला येताना घेऊन ये. आजीचे घर सूकी एकटी कसे सांभाळते, ते मला पाहायचे आहे. तुझ्या प्रतीचे मुखपृष्ठ सुटायला आले होते, त्याला खाकी कागदाचे कव्हर घातले आहे.

तुझी,
आई