अभ्यासदौऱ्यात अभ्यास किती?

महोदय,

माझ्या महाविद्यालयाच्या माजी विद्यार्थी संघाचे वार्तापत्र दर तीन महिन्यांनी घरी येते. पहिला अर्धा भाग ‘आमचे मानकरी’ या सदराचा. कोण कुठल्या कंपनीचा प्रमुख झाला, कुणाला कसले पदक मिळाले, कुणाची नेमणूक कुठे झाली. उरलेल्या अर्ध्या भागात ‘ज्ञानयात्रा’, म्हणजे माजी विद्यार्थ्यांसाठी काढलेले अभ्यासदौरे, गुळगुळीत कागदावर, रंगीत फोटोंसह. इतकी वर्षे मी अंक चाळून बाजूला ठेवत होतो. गेल्या वर्षी अशा एका दौऱ्यावर जाऊन आलो आणि त्यानंतर हा अंक नीट वाचू लागलो, म्हणून हे पत्र.

आधी मानकऱ्यांबद्दल. आपल्या वर्गातला मुलगा मोठा झाला की आपली छाती फुगते, त्यात गैर काही नाही. पण ‘आमच्यामुळे’ हा शब्द कुठेतरी दबक्या पावलांनी आत शिरतो, तिथे मी अडखळतो. बिल गेट्स यांनी 1975 मध्ये हार्वर्ड अर्ध्यातच सोडले आणि त्याच हार्वर्डने 2007 मध्ये त्यांना मानद पदवी दिली. पदवी घेताना, आपण सोडून गेलेल्यांतले सर्वांत यशस्वी, अशी थट्टा त्यांनी स्वतःच केली होती. सोडून गेलेलासुद्धा आपलाच! स्टेसी डेल आणि अ‍ॅलन क्रुगर या अर्थशास्त्रज्ञांनी 2002 मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास या बाबतीत फार बोलका आहे. नामांकित महाविद्यालयात प्रवेश मिळूनही कमी नावाजलेल्या ठिकाणी शिकलेल्या मुलांची कमाई त्यांनी पुढे तपासली. नामांकित ठिकाणी शिकलेल्या, तितक्याच कुवतीच्या मुलांपेक्षा ती साधारणपणे कमी नव्हती. गरीब घरांतून आलेल्या मुलांना मात्र नामांकित महाविद्यालयाचा खरोखर फायदा झालेला दिसला. म्हणजे ज्याच्या यशात महाविद्यालयाचा खरा वाटा आहे तो विद्यार्थी बहुधा वार्तापत्राच्या मुखपृष्ठावर नसतोच. घरातला पहिला पदवीधर होऊन कुठल्याशा प्रयोगशाळेत मन लावून काम करणारा तो. त्याचा फोटो कोण छापणार?

आता दौऱ्याबद्दल. आमच्याबरोबर इतिहासाचे एक निवृत्त प्राध्यापक होते. माहितीपत्रकात त्यांचे नाव ठळक अक्षरांत होते. अकरा दिवसांत त्यांची दोन व्याख्याने ठरली होती. एक रात्रीच्या जेवणानंतर, ते बस उशिरा पोचल्यामुळे रद्द झाले. दुसरे चालत्या बसमध्ये ध्वनिवर्धकावरून झाले, तेव्हा निम्मी बस झोपली होती. खोटे कशाला बोलू, मीही त्यांतच होतो. बाकी सगळे नेहमीच्या सहलीसारखे: उतरा, फोटो काढा, चढा, खरेदीला दीड तास. मात्र सातव्या दिवशी बस बिघडली आणि आम्ही एका जुन्या तटबंदीच्या सावलीत उभे राहिलो. कुणीतरी सहज विचारले, या भिंतीत खालचे दगड मोठे आणि वरचे लहान का? प्राध्यापक वीस-पंचवीस मिनिटे बोलत राहिले. कुठला थर आधीचा, कुठली डागडुजी नंतरची, दगड कुठून उचलून आणून पुन्हा वापरला आहे, हे सगळे बोट लावून दाखवत होते. त्या अकरा दिवसांतले मला आज आठवते ते एवढेच, आणि तेही कार्यक्रमपत्रिकेत नव्हते. बस वेळेवर निघाली असती तर तेही हुकले असते.

कर आकारताना अशा सहलींना ‘शैक्षणिक’ कधी म्हणायचे, हा प्रश्न अमेरिकेच्या करखात्यालाही पडला होता. 2000 साली त्यांनी काढलेल्या नियमांत उदाहरणे देऊन फरक सांगितला आहे. एक माजी विद्यार्थी संघ सहल कंपन्यांमार्फत वर्षाला दहाएक सहली काढतो. पत्रकात आजीवन शिक्षणाची भाषा असते, विद्यापीठातले प्राध्यापक पाहुणे म्हणून बरोबर येतात, पण ठरवून शिकवणे असे काही नसते, आणि कंपनी संघाला माणशी ठरावीक रक्कम देते. नियम म्हणतो, ही सहल संस्थेच्या शैक्षणिक कार्यात बसत नाही. दुसऱ्या उदाहरणात रोज पाच-सहा तास अभ्यास, व्याख्याने आणि टिपणे असतात, बरोबर पुस्तकांचा संग्रह नेलेला असतो आणि शेवटी परीक्षा होते. ती सहल शैक्षणिक. पहिले उदाहरण वाचताना आमच्याच दौऱ्याचे वर्णन वाचतो आहे असे वाटले. नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा!

सुटीच्या दिवसांत परीक्षा द्यायची का, असे कुणी विचारील. नको. पण खरे शिकवणारा प्रवास कसा असतो, त्याचा एक दाखला फार सुंदर आहे. 1831 च्या उन्हाळ्यात नुकताच केंब्रिजमधून बाहेर पडलेला बावीस वर्षांचा चार्ल्स डार्विन भूगर्भशास्त्राचे प्राध्यापक अ‍ॅडम सेजविक यांच्याबरोबर उत्तर वेल्समध्ये हिंडला. दौरा थोड्याच दिवसांचा. सेजविक त्याला आपल्या वाटेला समांतर अशा दुसऱ्या वाटेने एकट्याला पाठवत. खडकांचे नमुने आण, थरांचा कल नकाशावर मांड, एवढे काम देत. मागे मागे फिरवून माहिती सांगणे नव्हते; स्वतः पाहा आणि मग येऊन दाखव, असा तो प्रकार होता. डार्विन घरी परतला तेव्हा बीगल जहाजावरच्या सफरीबद्दल हेन्स्लो या त्याच्या दुसऱ्या गुरूचे पत्र येऊन पडले होते. खडक वाचायची थोडी सवय लागलेला मुलगा डिसेंबरात जहाजावर चढला.

याच दौऱ्यातली दुसरी गोष्ट मला जास्त आवडते. कुम इड्वल नावाच्या दरीत दोघांनी कित्येक तास जीवाश्म शोधण्यात घालवले. ती दरी हिमनदीने कोरलेली होती. खडकांवरचे ओरखडे, हिमनदीने आणून टाकलेले धोंडे, सगळ्या खुणा समोर उघड्या पडलेल्या, आणि दोघांपैकी एकालाही त्या दिसल्या नाहीत. त्या काळी हिमनद्यांचा तो विचार ब्रिटनमध्ये अजून रुजलेला नव्हता. 1842 मध्ये डार्विन पुन्हा तिथे गेला तेव्हा त्याला त्या दिसल्या, आणि आपल्याला आधी कशा दिसल्या नाहीत याचे आश्चर्य वाटले. प्रवासाने डोळे उघडतात म्हणतात, पण तिथे सेजविकसारख्याचेही उघडले नाहीत. काय पाहायचे ते आधी ठाऊक हवे. मग आमच्या बसमधल्या चाळीस जणांना, निघण्यापूर्वी एक पानही वाचायला न देता, अकरा दिवसांत काय दिसणार होते?

दौरा महागडा असायला हवा असेही नाही. 1975 मध्ये अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशायरमध्ये ‘एल्डरहॉस्टेल’ सुरू झाले. पहिल्या उन्हाळ्यात पाच महाविद्यालयांत मिळून 220 ज्येष्ठ नागरिक आले, विद्यार्थ्यांच्या रिकाम्या वसतिगृहांत राहिले आणि वर्गात बसून शिकले. आज हाच उपक्रम ‘रोड स्कॉलर’ या नावाने जगभर सहली काढतो. सुरुवात मात्र वसतिगृहाच्या खाटेवरून झाली.

माझे म्हणणे एवढेच आहे की वार्तापत्राचे हे दोन अर्धे एकमेकांना जोडावेत. मानकऱ्याला मानपत्र देण्याऐवजी त्याच्याकडून एक दिवस मागावा. कुणी हवामान वेधशाळेत आहे, कुणी सांडपाणी शुद्धीकरण केंद्र चालवतो, कुणी अभिलेखागारात जुने कागद जपते, कुणी बंदरावर जहाजांच्या वेळा सांभाळते. बारा विद्यार्थ्यांनी तिथे जावे, आधी वाचून जावे, आणि परतल्यावर काय पाहिले ते लिहावे. ते लिखाण वार्तापत्रात छापावे. ज्यांचा उद्योग बुडाला अशा माजी विद्यार्थ्यांनाही बोलवावे. तिथे तर दोन दिवस लागतील. आणि परदेशी दौऱ्यांवर सहल कंपनीकडून संघाला माणशी काही मिळत असेल, तर त्या पैशातून दर दौऱ्यात दोन जागा शिकणाऱ्या मुलांसाठी ठेवाव्यात. अमेरिकेतल्या विलियम्स महाविद्यालयाचा माजी विद्यार्थी संघ 1821 मध्ये स्थापन झाला, तो महाविद्यालयाचे अध्यक्षच काही विद्यार्थ्यांना घेऊन दुसरे महाविद्यालय काढायला निघून गेल्यावर. महाविद्यालय बंद पडू नये म्हणून जुने विद्यार्थी एकत्र आले होते. सत्कार आणि सहली हे सगळे पुढचे.

हे सारे मी संघाला लिहून कळवले. उत्तरादाखल पुढच्या दौऱ्याचा नोंदणी अर्ज आला, लवकर नोंदणी केल्यास सवलत. मी तो भरून पाठवला आहे. ‘सहप्रवाशाचे नाव’ या रकान्यात ‘दुसऱ्या वर्षाचा कोणीही एक विद्यार्थी, निवड प्राध्यापकांनी करावी’ असे लिहिले आहे, आणि सोबत त्याच्याही नोंदणीची रक्कम जोडली आहे.

आपला,
एक माजी विद्यार्थी