पहिल्या पगाराचा आकडा: बॉस्टनहून बाबांना पत्र

बॉस्टन,
१५ फेब्रुवारी २०२६

तीर्थरूप बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

दादाने छोटीच्या नोकरीचे पत्र मला पाठवले आणि त्याखाली तुमचा निरोपही लिहिला, की कंपनीने आपण होऊन दिले आहे, तर पोरीने वर आणखी मागू नये, ते बरे दिसत नाही. गेली अकरा वर्षे मी इथल्या विद्यापीठात शेवटच्या वर्षाच्या मुलांना नेमके हेच शिकवते, की पहिल्या नोकरीचा पगार ठरताना काय विचारावे आणि कसे बोलावे. तुमच्या मनात जे आहे तेच माझ्या वर्गातल्या कितीतरी मुलांच्या मनात असते, म्हणून फोनवर घाईत न सांगता सविस्तर लिहिते आहे.

माझ्या वर्गात पहिल्या तासाला कोणी काही मागत नाही; आम्ही फक्त नेमणुकीचे पत्र वाचतो. छोटीच्या पत्रात वर्षाला ४,८०,००० रुपये लिहिले आहेत, आणि दादाने त्याला बाराने भागून महिना चाळीस हजार असे सगळ्यांना सांगितले आहे. तसे नाही. तिचे मूळ वेतन महिना २०,००० आहे. त्यावर कंपनी भविष्य निर्वाह निधीत भरणार ते १२ टक्के, म्हणजे वर्षाचे २८,८००, याच आकड्यात धरले आहेत. ग्रॅच्युइटीचे सुमारे ११,५०० रुपयेही त्यातच आहेत, आणि ते पाच वर्षे नोकरी झाल्याशिवाय हातात येणार नाहीत. ४०,००० रुपये कामगिरीवर अवलंबून आहेत. उरलेल्यातून तिचा स्वतःचा निधीचा हप्ता आणि व्यवसाय कर वजा केला, की महिन्याला खात्यात ३०,७०० च्या आसपास जमा होतील. पुण्यातले भाडे या रकमेतून द्यायचे आहे, हे तिला सही करण्याआधी कळायला हवे.

दुसरी गोष्ट पुढच्या वर्षांची. पगारवाढ टक्क्यांत होते, त्यामुळे पहिला आकडा शेवटपर्यंत मागे चालत राहतो. एक जण ३०,००० वर आणि दुसरा ३३,००० वर लागला, दोघांनाही दरसाल ८ टक्केच वाढ मिळाली, तरी दहा वाढींनंतर त्यांच्यातले अंतर तीन हजारांचे न राहता महिना साडेसहा हजारांच्या जवळ जाते. कार्नेगी मेलन विद्यापीठात लिंडा बॅबकॉक यांनी पदव्युत्तर शिक्षण संपवून नोकरीला लागलेल्यांची पाहणी केली होती. मुलग्यांपैकी ५७ टक्क्यांनी पगाराबद्दल बोलणी केली होती आणि मुलींपैकी फक्त ७ टक्क्यांनी. मुलग्यांचा सुरुवातीचा पगार मुलींपेक्षा सरासरी ७.६ टक्क्यांनी जास्त होता. मी स्वतः पहिल्या नोकरीत सांगितलेल्या आकड्याला मान डोलावली, आणि शेजारच्या टेबलावर तेच काम करणाऱ्याला जास्त मिळते हे मला दोन वर्षांनी कळले. छोटीच्या बाबतीत माझा जीव तुटतो तो यासाठी.

तुम्हाला लागेल असे एक लिहिते, पण ते लिहिल्यावाचून माझे म्हणणे पुरे होणार नाही. मी दहावीत असताना मोहोर बघून बागेचा व्यवहार झाला होता. व्यापारी ओटीवर बसला, आईने चहा दिला, त्याने आकडा सांगितला आणि तुम्ही म्हणालात, "तुम्ही म्हणाल ते." मे महिन्यात वरच्या पाखाडीतल्या काकांनी त्यांच्या तेवढ्याच कलमांचे किती आले ते सांगितले, तेव्हा तुम्ही रात्री जेवला नाहीत. त्या व्यापाऱ्याने आपल्याला फसवले नव्हते. "तुम्ही शब्द टाकला असता तर मी वाढवून दिले असते," असे तो पुढच्या वर्षी स्वतःच म्हणाला होता.

तो शब्द कसा टाकायचा, हे मी मुलांकडून वर्गात मोठ्याने म्हणवून घेते. दोघे समोरासमोर बसतात, एक कंपनीचा माणूस होतो आणि दुसरा उमेदवार. गेल्याच आठवड्यात एका हुशार मुलीने आपला आकडा स्वच्छ सांगितला, आणि समोरचा काही बोलण्याआधीच "पण कमी असले तरी चालेल" असे जोडून टाकले. तिच्याकडून ते वाक्य चार वेळा म्हणवून घेतले. पाचव्या वेळी तिने आकडा सांगितला, हात मांडीवर घट्ट धरले आणि गप्प राहिली. मला तेव्हा हर्णैच्या बंदरावरची संध्याकाळ आठवली; आई मला घेऊन मासळीला जायची, आणि टोपलीमागे बसलेली कोळीण भाव सांगून समुद्राकडे बघत राहायची. घासाघीस करायची ती गिऱ्हाइकाने.

भाव ठाऊक असणे मात्र आधी हवे. आमच्या मॅसॅच्युसेट्स राज्यात १ जुलै २०१८ पासून कंपनीला उमेदवाराचा आधीचा पगार विचारता येत नाही, आणि २९ ऑक्टोबर २०२५ पासून पंचवीस किंवा अधिक माणसे असलेल्या कंपनीला जाहिरातीतच पगार कुठून कुठपर्यंत आहे ते छापावे लागते. छोटीला तशी सोय नाही. तिने कॉलेजमधल्या, दोन वर्षे पुढे गेलेल्या चार-पाच जणांना फोन करून विचारावे. विचारण्यात लाज नाही.

कॉलेजात येऊन एकदम शंभर मुले घेणाऱ्या कंपन्यांचा आकडा बहुधा ठरलेला असतो आणि तो हलत नाही, हेही मी मुलांना सांगते. तिची कंपनी लहान आहे, म्हणून वाव आहे. तिने घरखर्च किंवा तुमचे औषधपाणी पुढे करू नये. सहा महिने तिथेच शिकाऊ म्हणून राहताना जे काम पूर्ण केले ते सांगावे, आधी आभार मानावे आणि मग ५,४०,००० चा आकडा बोलावा. नसलेली दुसरी नोकरी असल्याचे कधीही सांगू नये. आकडा हललाच नाही, तर सहा महिन्यांनी फेरविचार आणि बाँडची, म्हणजे ठरावीक काळ नोकरी न सोडण्याच्या कराराची, मुदत यांबद्दल बोलावे, आणि जे ठरेल ते लेखी मागून घ्यावे. इतक्या वर्षांत नम्रपणे विचारले म्हणून माझ्या एकाही विद्यार्थ्याची नोकरी गेलेली नाही.

उत्तर द्यायला तिला महिनाअखेरपर्यंत वेळ आहे. तोवर रोज संध्याकाळी तिला ओटीवर समोर बसवा आणि तुम्ही कंपनीचे साहेब व्हा. तिने आकडा सांगितला की लगेच बोलू नका. तिला त्या शांततेत थोडा वेळ बसू द्या.

आईस नमस्कार.

तुमची,
ताई