दिल्लीच्या आराखड्यात रात्रीचा पंप दिसत नाही

प्रिय सुहास,
सप्रेम नमस्कार.

परवा फोनवर आपलं बोलणं अर्धवट राहिलं. देशाचं ग्रिड, म्हणजे विजेच्या तारांचं जाळं, एक झालं, कोळसा केंद्राचा, तो वाहणारी रेल्वे केंद्राची, मग राज्यानं वेगळा ऊर्जा आराखडा कशाला करायचा, असं तू विचारलंस. तेव्हा मला नीट सांगता आलं नाही. पण विषय डोक्यातून जाईना.

तुझं निम्मं म्हणणं मला मान्य आहे. 2003 च्या विद्युत कायद्यानं राष्ट्रीय धोरण ठरवायचं काम केंद्राकडेच दिलं आहे, राज्यांशी सल्लामसलत करून. पण राज्यघटनेत वीज समवर्ती सूचीत आहे, म्हणजे जबाबदारी दोघांची. शेतीच्या विजेची सवलत राज्याच्या तिजोरीतून जाते, आणि बिलावरून लोक जाब विचारतात तोही राज्यालाच.

शेतीपंपांचंच बघ ना. महाराष्ट्रात वर्षानुवर्षं त्यांना आळीपाळीनं वीज मिळाली, कधी दिवसा आठ तास, कधी रात्री दहा तास. रात्री इतरांची मागणी उतरते, कोळशावर चालणारे औष्णिक संच मात्र सहजी बंद करता येत नाहीत, म्हणून ती वीज पंपांच्या वाट्याला. यंत्रणेच्या दृष्टीनं हिशेब बरोबर होता. पण त्यापायी माणसं थंडीत रात्री दोन वाजता, हातात बॅटरी घेऊन, सापाविंचवाच्या भीतीत दारं धरायला, म्हणजे पिकाला पाणी द्यायला, जात राहिली. मला याचा आजही राग येतो. सौर वीज स्वस्त झाली आणि गणितच फिरलं. भरपूर वीज आता भर दुपारी असते, आणि पंपाला दुपार चालते. 2017 साली राज्यानं मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना आणली ती याच विचारानं: उपकेंद्राजवळ सौर प्रकल्प उभारायचा आणि शेतीच्या फीडरला, म्हणजे उपकेंद्रातून पंपांकडे जाणाऱ्या वाहिनीला, दिवसा वीज द्यायची. यासाठी कुठल्या फीडरवर किती पंप, गव्हाला पाणी कधी लागतं, उपकेंद्रालगत जागा कुठे, ती गायरानाची असेल तर तिथं चरणाऱ्या गुरांचं काय, हे सगळं माहीत असावं लागतं. दिल्लीतल्या टेबलावर ते कसं कळणार?

आता राज्यानं स्वतः ठरवून फसलेला प्रकल्प म्हणून तू कोकणातल्या दाभोळ वीजप्रकल्पाचं नाव काढशील. काढायलाच हवं. 1992 मध्ये राज्यानं एन्रॉन या अमेरिकी कंपनीशी त्यासाठी सामंजस्य करार केला. 1993 मध्ये जागतिक बँकेनं कर्ज नाकारलं, कारण एवढी मोठी आणि महाग वीज राज्याच्या मागणीत बसत नाही असं तिचं मत पडलं. तरीही प्रकल्प उभा राहिला, आणि 2001 मध्ये वीज मंडळानं खरेदी थांबवल्यावर बंद पडला. पण राज्यानं आराखडा केला म्हणून हे झालं का? माझ्या मते आधी प्रकल्प ठरला आणि गरज त्याच्या मापानं बेतली गेली. कोणत्या तासाला किती वीज लागणार आणि ती कुठल्या दरापर्यंत परवडणार, हे आधी ठरवून जाहीर केलेलं असतं, तर तो करार त्याच्याशी ताडून बघता आला असता.

स्वतःचा आराखडा म्हणजे शेजाऱ्यांशी तारा तोडणं मात्र नव्हे. अमेरिकेतल्या टेक्सासनं आपलं ग्रिड जवळजवळ वेगळं ठेवलं. फेब्रुवारी 2021 च्या हिमवादळात गॅसच्या वाहिन्या आणि वीजसंच गोठले, बाहेरून पुरेशी वीज आणता येईना, आणि दोनशेहून जास्त माणसं गेली.

शिवाय ऊर्जा म्हणजे नुसती वीज नाही. चूल, एसटीचं डिझेल, कारखान्याचा बॉयलर हे सगळं एकाच हिशेबात यायला हवं. आज ते वेगवेगळ्या खात्यांत विखुरलेलं आहे.

आराखडा झालाच, तर त्याच्या पहिल्या पानावर मला मेगावॅटचे आकडे नकोत. चोवीस तासांचा तक्ता हवा: कोणाला, कधी, किती.

अजून पटत नसेल तर कुठं अडतंय ते सविस्तर लिही. फोनवर नको, पत्रच पाठव. वहिनींना नमस्कार.

तुझा,
अविनाश