सूचना : जादा तासांची नोंद ठेवा

महामार्गाच्या गस्ती गाड्यांवरच्या सर्व ठेकेदारी चालक-मदतनीस भावांनो,

पगाराआधी आपापले जादा तास मोजून ठेवा. वेतन संहिता, २०१९ च्या कलम १४ प्रमाणे ओव्हरटाइमला नेहमीच्या दराच्या किमान दुप्पट मजुरी आहे. चार तास जास्त थांबलात, तर आठ तासांचे पैसे. बुटीबोरीजवळ ट्रक उलटला अन् क्रेन येईपर्यंत पहाट झाली, तर तो वेळही ड्यूटीच. मागच्या महिन्यात काहींनी सवयीने सुटण्याची वेळ "रात्री ८" लिहून टाकली, हक्काचा पैसा गेला. फार वाईट वाटलं. खरी वेळ लिहा, पानाचा फोटो काढा. पोलिसांचे सेवानियम वेगळे, त्यांच्याशी तुलना नको.

रविवारी सकाळी १० वाजता सीताबर्डीला नेहमीच्या जागी भेटू. पगारपत्रक सोबत आणा.