गोळ्या संपल्यावर काय?

संपादक साहेब,
आमच्या चर्चच्या मेडिकल टीमबरोबर नुकताच केनियाला, मोंबासाच्या बाजूला जाऊन आलो. मी काही डॉक्टर नाही, केसपेपर लिहायचे, बीपीचा पट्टा बांधायचा आणि रांग सांभाळायची एवढंच माझं काम. (तिकडे चहाला चायच म्हणतात आणि चपातीला चपाती, त्यामुळे बरं वाटलं.) आपल्या नाशिकच्या शरणपुरात शिकलेले, गुलामीतून सुटलेले आफ्रिकी लोक 1875च्या सुमारास तिथेच फ्रेरेटाऊनला जाऊन वसले, हेही मला तिथे गेल्यावर कळलं, शरणपूर रोडवर जन्म गेला तरी!

एक आजी आली, वरचं बीपी 190. डॉक्टरांनी महिन्याच्या गोळ्या दिल्या, तिने पाकीट उलटंपालटं केलं, बोटाने एकेक गोळी मोजली आणि विचारलं, या संपल्यावर कुठून आणू? दुभाषी पोरगा माझ्याकडे बघतोय, मी डॉक्टरांकडे, आणि आम्ही तर चार दिवसांनी विमानात बसणार. त्यात देणगीच्या एका खोक्यात दोन महिन्यांत एक्स्पायर होणारी औषधं निघाली, डब्ल्यूएचओ म्हणतं पोहोचल्यावर निदान वर्षभराची मुदत पाहिजे. पॅकिंग आम्हीच केलेलं, पण तेव्हा सगळे ग्रुप फोटोत.

पुढच्या वेळी तिथल्या सरकारी दवाखान्याला आधी विचारून यादी घ्या असं मी चर्चमध्ये बोललोय, नाहीतर तेवढ्या तिकिटाच्या पैशात आपल्याच जिल्ह्यातल्या पेठ-सुरगाण्यात दर महिन्याला जाऊ की.

– एक वाचक, शरणपूर रोड, नाशिक